उन्हाळी लागल्यावर: युरीन कल्चरचा नमुना कसा द्यावा, रिपोर्ट कसा वाचावा

लघवीला जळजळ, दर पंधरा मिनिटांनी घाई, ओटीपोटात कळ. घरात याला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. धन्या-जिऱ्याचं पाणी होतं, वाळ्याचं होतं, आणि फरक पडला नाही की संध्याकाळी मेडिकलमधून चार गोळ्या येतात. पाण्याने काही बिघडत नाही, बिघडतं ते त्या चार गोळ्यांनी. एके काळी नॉरफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनने उन्हाळी दोन दिवसांत जायची. आज भारतात लघवीतून सापडणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंपैकी बहुतेक या गटातल्या औषधांना दाद देत नाहीत. म्हणून कोणतं औषध चालेल याचा अंदाज बांधण्यापेक्षा कल्चर, म्हणजे लघवीतले जिवाणू लॅबमध्ये वाढवून त्यांच्यावर औषधं तपासणं, करून घेणं बरं. मात्र कल्चरचा उपयोग नमुना नीट दिला आणि रिपोर्ट नीट वाचला तरच होतो, आणि या दोन्ही ठिकाणी चुका होतात.

प्रत्येक उन्हाळीला कल्चर लागतं असं नाही. एरवी निरोगी, गरोदर नसलेल्या तरुण बाईला पहिल्यांदाच त्रास झाला असेल तर डॉक्टर थेट औषध देऊ शकतात. पुरुष, लहान मूल, गरोदर बाई, मधुमेह किंवा मूतखडा असलेला माणूस, कॅथेटर (लघवीची नळी) लावलेला रुग्ण, यांना मात्र कल्चर करावंच. त्रास परत परत होत असेल, औषध घेऊन उतार पडला नसेल, किंवा गेल्या तीन महिन्यांत दुसऱ्या कशासाठी अँटिबायोटिक घेतलं असेल किंवा दवाखान्यात राहावं लागलं असेल, तरीही करावं. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या ही लक्षणं असतील तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला असण्याची शक्यता आहे. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नमुना तिथेच घेतील आणि रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतील.

नमुना देताना

आधी एक गोष्ट नक्की करा. ‘युरीन रुटीन’ आणि ‘युरीन कल्चर’ या वेगळ्या तपासण्या आहेत. रुटीनमध्ये पू-पेशी, साखर, प्रथिनं दिसतात. कुठला जिवाणू आहे आणि त्याच्यावर काय चालेल हे कल्चरच सांगतं. चिठ्ठीवर दोन्ही असतील तर कल्चरसाठी निर्जंतुक, सीलबंद, रुंद तोंडाची डबी वेगळी मागून घ्या. घरातली औषधाची किंवा जॅमची बाटली उकळून घेतली तरी चालत नाही.

नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीच्या आधी द्यायचा. एखादी गोळी पोटात गेली असेल तर ती लपवू नका, चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि वेळ लिहून द्या. एकाच डोसनंतरही ‘नो ग्रोथ’ येऊ शकतं आणि मग सगळेच चकतात.

सकाळची पहिली लघवी सगळ्यांत चांगली. ते जमत नसेल तर निदान तीन-चार तास मूत्राशयात साठलेली असावी. नमुना लवकर यावा म्हणून लॅबच्या बाकावर बसून लिटरभर पाणी प्यायलं, तर लघवी पातळ होते आणि जिवाणूंची मोजणी खोटी कमी येते.

आता कृती. हात साबणाने धुवा. बायकांनी पुढून मागे अशा दिशेने साध्या पाण्याने जागा धुऊन स्वच्छ कागदी रुमालाने टिपून घ्यावी. पुरुषांनी शिश्नाची कातडी मागे सारून पुढचा भाग धुवावा. डेटॉल, सॅव्हलॉन वापरू नका, त्याचे दोन थेंब नमुन्यात पडले तरी जिवाणू मरतात. डबीचं झाकण उघडा आणि ते आतली बाजू खाली करून फरशीवर ठेवू नका, डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून ठेवा किंवा सोबतच्या माणसाकडे द्या. आतल्या भागाला बोट लावू नका. बायकांनी बाजूच्या घड्या बोटांनी अलग धरून ठेवायच्या आणि नमुना होईपर्यंत सोडायच्या नाहीत. पहिली धार शौचालयात जाऊ द्या. ती मूत्रमार्गाच्या तोंडाशी बसलेले त्वचेचे जिवाणू वाहून नेते, म्हणून ती नको. धार चालू असतानाच डबी मध्ये आणा, अर्धी भरली, म्हणजे १५–२० मिली झाली, की बाजूला घ्या, उरलेली पुन्हा शौचालयात. झाकण घट्ट लावा. नाव आणि नमुना घेतल्याची वेळ डबीवरच लिहा, झाकणावर नको, झाकणं बदलली जातात.

भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवं बसून हे करणं उलट सोपं जातं. अडचण पाळीच्या दिवसांत आणि अंगावरून पांढरं जात असताना येते. थांबणं शक्य असेल तर थांबा, नसेल तर चिठ्ठीवर तसं लिहा. तान्ह्या मुलांना चिकटवायची प्लास्टिकची पिशवी लावून घेतलेला नमुना कल्चरसाठी फारसा विश्वासाचा नाही. त्यात काही उगवलं नाही तर त्यावर विसंबता येतं, उगवलं तर ते त्वचेवरचं की मूत्राशयातलं हे सांगता येत नाही.

डबी आणि घड्याळ

बहुतेक नमुने इथेच नासतात. लघवी हे जिवाणूंचं उत्तम खाद्य आहे. त्वचेवरून चुकून आलेले मिलीला १,००० जिवाणू डबीत आहेत आणि मे महिन्याच्या उकाड्यात ते दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरा. दोन तासांनी ते १६,००० होतील आणि साडेतीन तासांनी १,२८,०००. रिपोर्टवर ‘एक लाखाहून अधिक’ छापून येईल आणि नसलेल्या संसर्गावर अँटिबायोटिक सुरू होईल.

म्हणून नमुना दोन तासांच्या आत लॅबच्या टेबलावर पोहोचला पाहिजे. ते जमणार नसेल तर डबी दोन पिशव्यांत बांधून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. २ ते ८ अंशांत २४ तासांपर्यंत नमुना टिकतो. घरी येऊन नमुना नेणारी व्यवस्था सोयीची असली तरी सकाळी सातला उचललेली डबी दहा घरं फिरून अकराला लॅबला पोहोचणार असेल, तर नमुना थंड पेटीत जाणार का हे आधी विचारा. काही लॅब बोरिक अ‍ॅसिडची पूड असलेली बाटली देतात. त्यात जिवाणू वाढत नाहीत, जसे आहेत तसे राहतात. फक्त बाटलीवरच्या रेषेपर्यंत लघवी भरावीच लागते. कमी भरली तर बोरिक अ‍ॅसिडचं प्रमाण वाढतं आणि खरे जिवाणूही मरतात.

लॅबमध्ये काय होतं

हे थोडं माहीत असलं की रिपोर्टमधले आकडे परके वाटत नाहीत. तारेच्या टोकाला एक बारीक कडी असते, तिच्यात नेमकी १ मायक्रोलिटर लघवी मावते. ती लघवी पोषक जेलीच्या प्लेटवर ओढतात आणि प्लेट ३५–३७ अंशांत रात्रभर ठेवतात. एकेका जिवाणूपासून एकेक ठिपका तयार होतो, त्याला कॉलनी म्हणतात. १ मायक्रोलिटरमधून एक कॉलनी म्हणजे मिलीला १,००० जिवाणू, शंभर कॉलन्या म्हणजे एक लाख. सीएलईडी नावाच्या हिरवट-निळसर जेलीवर ई. कोलाय वाढला की त्या भागाला पिवळा रंग चढतो. प्रोटियस नावाचा जिवाणू एरवी प्लेटभर लाटांसारखा पसरत जातो, या जेलीवर तो आवरला जातो.

दुसऱ्या दिवशी त्या जिवाणूचं पातळ मिश्रण दुसऱ्या प्लेटवर पसरून वर औषधात भिजवलेल्या ६ मिमीच्या चकत्या ठेवतात. औषध चाललं तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडतं, ते मोजपट्टीने मोजतात. मोठ्या लॅबमध्ये हेच काम यंत्र करतं आणि वर्तुळाऐवजी एमआयसी देतं. एमआयसी म्हणजे जिवाणूची वाढ रोखणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. एवढ्या सगळ्याला साधारण ४८ ते ७२ तास लागतात. लॅबला फोन करकरून हा वेळ कमी होत नाही.

रिपोर्ट वाचताना

औषधांच्या तक्त्यावर उडी मारू नका, वरून वाचा. पहिल्यांदा नमुना घेतल्याची आणि लॅबला मिळाल्याची वेळ पाहा. मग पू-पेशी आणि एपिथेलियल पेशी (त्वचेच्या, अस्तराच्या पेशी) पाहा. पू-पेशी भरपूर असतील तर शरीर कशाशी तरी झगडतं आहे. एपिथेलियल पेशी भरपूर आणि पू-पेशी जेमतेम असतील तर नमुन्यात त्वचेचा मळ जास्त आला आहे. ‘मिक्स्ड ग्रोथ’ किंवा तीन प्रकारचे जिवाणू असं लिहिलं असेल तर औषध शोधत बसू नका, नमुना पुन्हा द्या.

मिलीला एक लाख ही सीमारेषा १९५० च्या दशकात एडवर्ड कॅस यांच्या कामातून आली आणि आजही रिपोर्टांवर तीच दिसते. पण ती लक्ष्मणरेषा नाही. जळजळ, घाई ही लक्षणं स्पष्ट असतील आणि एकाच जातीचा ई. कोलाय वाढला असेल तर १,००० ते १०,००० हेही खरं मानतात. उलट लक्षण काहीच नसताना आलेले दोन लाख हा आजार नसू शकतो.

पू-पेशी भरपूर आणि कल्चर ‘नो ग्रोथ’ ही जोडी दुर्लक्षून चालत नाही. आधी घेतलेलं अँटिबायोटिक हे त्याचं सगळ्यांत साधं कारण. ते नसेल तर खडा, लैंगिक संसर्ग आणि आपल्याकडे विशेषकरून मूत्रमार्गाचा क्षयरोग यांचा विचार करावा लागतो. क्षयाचा जिवाणू या साध्या प्लेटवर रात्रीत उगवत नाही.

आता तक्ता. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही. आय म्हणजे नेहमीच्या मात्रेत भरवसा नाही, मात्रा वाढवली तर किंवा औषध लघवीत भरपूर उतरत असेल तर चालू शकेल. लोक हमखास फसतात ते एमआयसीच्या आकड्यांवर. समजा रिपोर्ट असा आहे:

ई. कोलाय, एक लाखाहून अधिक. नायट्रोफ्युरंटॉइन ३२, एस. सिप्रोफ्लॉक्सासिन १, आर. सेफ्ट्रायॅक्सोन ६४, आर. मेरोपेनेम ०.२५, एस. ईएसबीएल पॉझिटिव्ह.

हे वाचून वाटतं की मेरोपेनेमचा आकडा सगळ्यांत लहान, तेव्हा तेच सगळ्यांत जोरदार. सिप्रोचा १ आणि नायट्रोफ्युरंटॉइनचा ३२ म्हणजे सिप्रो बरं. दोन्ही चूक. प्रत्येक औषधाची पट्टी वेगळी असते. लॅब-तपासण्यांचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सीएलएसआय संस्थेच्या मानकांनुसार नायट्रोफ्युरंटॉइन ३२ पर्यंत एस आहे, कारण ते लघवीत प्रचंड प्रमाणात साठतं. सिप्रो ०.२५ पर्यंतच एस आहे आणि १ ला आर होतं. किलोची आणि लिटरची तुलना होत नाही तशी या आकड्यांची एकमेकांशी होत नाही. अक्षर बघा, आकडा डॉक्टरांसाठी सोडा.

ईएसबीएल हा शब्द ठळक छापलेला असतो आणि रुग्णाची झोप उडवतो. हे जिवाणूने तयार केलेलं विकर (एन्झाइम) असतं, ते सेफिक्सीम, सेफ्ट्रायॅक्सोनसारखी औषधं तोडून टाकतं. याचा अर्थ तोंडाने घ्यायचं औषधच उरलं नाही असा नाही. नायट्रोफ्युरंटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही वेगळ्याच जातीची औषधं, हे विकर त्यांना हात लावू शकत नाही. वरच्या रिपोर्टमध्ये ताप नसेल, नुसती उन्हाळी असेल आणि मूत्रपिंड ठीक असेल, तर नायट्रोफ्युरंटॉइनच्या पाच दिवसांच्या कॅप्सूलवर काम होण्यासारखं असतं. तिथे मेरोपेनेमची इंजेक्शनं सुरू होणं हा आमच्या मते रिपोर्टचा सर्वांत महागडा गैरवापर आहे. मेरोपेनेमच्या गटालाही न जुमानणारे जिवाणू आलेले आहेत. एनडीएम-१ हे विकर पहिल्यांदा ओळखलं गेलं ते दिल्लीत उपचार घेऊन गेलेल्या एका स्वीडिश रुग्णाच्या लघवीतल्या क्लेबसिएला नावाच्या जिवाणूत. त्याचं वर्णन २००९ साली छापून आलं.

उलटी चूकही होते. थंडी-ताप, पाठीत दुखणं असताना नायट्रोफ्युरंटॉइनसमोर एस आहे म्हणून ते सुरू केलं जातं. ते लघवीत साठतं, पण मूत्रपिंडाच्या मांसात पुरेसं उतरत नाही. तक्त्याला ताप दिसत नसतो.

रिपोर्ट तपासायची एक युक्ती आहे. काही जिवाणू काही औषधांना जन्मतःच दाद देत नाहीत. प्रोटियस आणि सुडोमोनास नायट्रोफ्युरंटॉइनला, क्लेबसिएला अँपिसिलिनला आणि एन्टेरोकॉकस सगळ्या नेहमीच्या सेफॅलोस्पोरिनना (सेफिक्सीम, सेफ्ट्रायॅक्सोनच्या गटातल्या औषधांना). या जोड्यांसमोर एस छापलेला दिसला तर जिवाणू ओळखण्यात किंवा टायपिंगमध्ये चूक आहे. लॅबला नम्रपणे पुन्हा पाहायला सांगा, चांगली लॅब रागावत नाही. फॉस्फोमायसिनचे निकषही मुख्यतः ई. कोलायसाठी ठरलेले आहेत. क्लेबसिएलाकडे ते औषध निकामी करणारं जनुक बहुधा असतंच, तेव्हा तिथल्या एसवर फार विसंबू नये.

औषध घेताना

औषध आणि मात्रा डॉक्टरच ठरवतील. दिलेलं औषध वाया जाऊ नये म्हणून एवढं पाळा.

नायट्रोफ्युरंटॉइनची १०० मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी कॅप्सूल साधारणपणे दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात. ती जेवणासोबतच घ्यायची, त्याने मळमळ कमी होते आणि औषध जास्त शोषलं जातं. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नका. आपल्याकडे जळजळीसाठी सायट्रेटचं गोड-आंबट सिरप सर्रास सोबत लिहिलं जातं. त्याने लघवी अल्कधर्मी होते आणि नायट्रोफ्युरंटॉइन आम्लधर्मी लघवीत चांगलं काम करतं. चिठ्ठीवर दोन्ही दिसलं तर डॉक्टरांना विचारा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेलं असेल, जी६पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची) कमतरता असेल किंवा बाळंतपण जवळ आलं असेल, तर ते आधीच सांगा. त्या स्थितीत हे औषध टाळतात.

फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमची एक पुडी, एकदाच. रात्री जेवणानंतर दोन-तीन तासांनी, लघवी करून आल्यावर, अर्धा पेला गार पाण्यात विरघळवून लगेच प्यायची आणि झोपायचं. गरम पाणी, दूध नको. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड चालू असेल तर सांगा, त्याने फॉस्फोमायसिन रक्तात आणि लघवीत कमी उतरतं.

सिप्रोफ्लॉक्सासिन तक्त्यात एस असूनही काम करत नाही तेव्हा बहुधा गोळी दुधासोबत किंवा लोह, कॅल्शियम, अँटासिडच्या गोळीसोबत गेलेली असते. ही खनिजं औषधाला पोटातच पकडून ठेवतात. गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी.

४८ तासांत उतार पडला नाही तर मनाने औषध बदलू नका, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी बंद करू नका आणि ‘राहिलेलं निघून जाऊ दे’ म्हणून आठवडाभर वाढवूही नका. लक्षणं गेली की पुन्हा कल्चर लागत नाही, गरोदर बाईचा अपवाद.

हा ‘आर’ आला कुठून

उन्हाळीचा ई. कोलाय बाहेरून येत नाही, तो आपल्याच आतड्यातला असतो, शौचाच्या जागेतून मूत्रमार्गात शिरलेला. म्हणजे रिपोर्टवरचा आर आधी आतड्यात तयार झालेला असतो. जुलाब झाले की मेडिकलमधून ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी आणायची ही आपली जुनी सवय. ओफ्लॉक्सासिन हे सिप्रोच्याच गटातलं. पाण्यासारखे साधे जुलाब ओआरएसने आवरतात, त्यांना ही गोळी बहुधा लागतच नाही. तिने आतड्यातले औषधाला बळी पडणारे ई. कोलाय मरतात, टिकणारे उरतात आणि मोकळ्या जागेत वाढतात. सर्दी-खोकल्याला घेतलेलं सेफिक्सीमही हेच करतं. दोन महिन्यांनी उन्हाळी लागते तेव्हा तेच उरलेले वर येतात. नायट्रोफ्युरंटॉइन इतक्या दशकांनंतर टिकून आहे त्याचं एक कारण उलट दिशेचं आहे. ते आतड्याच्या वरच्या भागात शोषलं जाऊन थेट लघवीत उतरतं आणि खालच्या आतड्यातल्या जिवाणूंना फारसा त्रास देत नाही.

म्हणून गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकच्या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, दात काढताना घेतलेलंही. जुने कल्चर रिपोर्ट टाकू नका. या वेळचा रिपोर्ट येईपर्यंत पहिलं औषध निवडायला मागच्या वर्षीचा तक्ता फार उपयोगी पडतो. पट्टीवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच१ या सरकारी यादीतल्या औषधांची तर केमिस्टला वहीत नोंद ठेवावी लागते.

शेवटी कॅथेटरवाल्या आजी-आजोबांचं. महिनाभर नळी राहिली की लघवीत जिवाणू असतातच. लघवी गढूळ दिसते, वास येतो, एवढ्यावर कल्चर पाठवायचं नाही आणि पाठवलंच तर त्यातला आर पाहून औषध द्यायचं नाही. ताप, नवा गोंधळलेपणा, ओटीपोटात दुखणं असं काही असेल तरच नमुना घ्यावा. तो पिशवीतून कधीच नको, तिथे लघवी तासन्‌तास साठलेली असते. नळी १०–१५ मिनिटं चिमट्याने बंद ठेवून, तिच्यावरचं नमुन्याचं तोंड स्पिरिटने पुसून, सिरिंजने ओढून घ्यावा. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती आधी बदलावी आणि नमुना नव्या नळीतून घ्यावा.